मुक्या पिच्चरमधली जयमाला

आमच्या घरात एक नटी हाय असं सांगतलं का लोक आधी माझ्याकडं पाह्यतात अन् मंग हासतात. हासू द्या. नटी मी नाई, माझी लहानी जाऊ जयमाला. मी जनकाबाई, घरातली मोठी सून. वडनेर भोलजीत मले सारे भांडकुदळ म्हणून ओळखतात अन् ते काही खोटं नाई. पण जयमालाची गोष्ट मलेच सांगता येते, कारण तिचं तोंड अठ्ठावीस वर्सं मीच वाचत आली.

तोंड वाचणं म्हणजे काय, ते सांगते. आमच्याकडं लहान्या सुनेनं भासऱ्यासमोर, म्हणजे नवऱ्याच्या मोठ्या भावासमोर, बोलाचं नाई. पदर पुढं ओढाचा अन् तोंडातून शब्द काढाचा नाई. भासऱ्यानंही तिच्याकडं सरळ पाहाचं नाई. आताच्या पोरी हे कुठून पाळतीन? पण जयमाला आली तवा पाळत होते. तिचा भासरा म्हणजे आमचे मालक. नाव घेतल्याबिगर गोष्ट पुढं जात नाई म्हणून घेते, शेषराव. ते ओसरीवर बसेल असले का जयमाला दाराशी येऊन उभी राहे. बैलाची पेंड संपली, नळ आला नाई, गोविंदा म्हणजे तिचा नवरा अजून वावरातून आला नाई, हे सारं ती भिवया, डोळे अन् दोन बोटं, एवढ्यावर सांगे. मी मधी उभी राहून म्हणे, ती म्हणते पेंड संपली. अन् शेषराव माझ्याकडं पाहून तिले उत्तर देत. एकदा न्हाणीत साप निघाला. जयमालानं एक शब्द न काढता असा साप दाखवला का आमचे मालक एका पायात चप्पल घालून पळाले. माझी गरजच पडली नाई.

सहा वर्सांआधी माझ्या पुष्पांजलीचं लग्न झालं. शूटिंगले गावातलाच कलीम होता, फाट्यावर त्याचं फोटोचं दुकान हाय. त्याच्या मायचं, सुगराबीचं, ऐकणं लहानपणच्या तापात गेलं. बोलणंही अर्धंमुर्धं. टीव्हीवरच्या मालिकाइले ती बाई हातानंच शिव्या देते, कारण सारे नुसते व्हट हालवतात अन् कोण काऊन रडून राह्यलं ते हिले समजत नाई. कलीमनं लग्नाची शूटिंग घरी लावून पाह्यली तं सुगराबी एका जागी अडकली. पुष्पांजलीची बिदाई चालू हाय, मी गळा काढून रडून राह्यली, अन् माझ्यामागं खांबाले टेकून जयमाला उभी हाय. रडत नाई, बोलत नाई. सुगराबीनं तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा लावाले सांगतला अन् पोराले खुणेनं म्हणाली, ही बाई मले समजते.

मंग कलीम आमच्या दारात. म्हणे, मोठ्या मावशी, अम्मीसाठी पिच्चर बनवतो. त्यात कोणीच बोलणार नाई. लहान्या मावशीले पाठवा. खोटं काऊन बोलू, माझ्या पोटात दुखलं. लग्न माझ्या पोरीचं, रडली मी, अन् पसंत पडली ही. गोविंदा हासला अन् म्हणाला, दादाले इचारा. शेषरावानं दोन दिवस इचार केला. तिसऱ्या दिवशी जेवता जेवता माझ्याकडं पाहून म्हणले, शब्दच काढाचा नसला तं आपल्याले काय अडचण हाय.

असे अकरा पिच्चर झाले. लहान लहान, पाच मिंटांचे, दहा मिंटांचे. पळालेल्या बकरीचा एक. येतो येतो म्हणून न येणाऱ्या सिलेंडरचा एक. चष्मा डोक्यावर असून घरभर धुंडते तो एक. आधी ते फक्त सुगराबी पाहे. मंग कलीमनं फोनवर टाकले अन् कुठले कुठले लोक पाहाले लागले. भाषा लागतच नाई तं कोणालेही चालते. एका मुक्याबहिऱ्या लेकरांच्या शाळेनं चिठ्ठी धाडली का आमचे पोरं जयमालाबाईची नक्कल करतात. खामगावच्या बाजारात मिरच्या घेता घेता हिनं नुसती भिवई वर केली तं भाजीवाला म्हणे, अवो, तुम्ही त्या सिलेंडरवाल्या. घरी येईलोक ती लाजत होती. मीच चार जणींले सांगून आली.

अन् तिचं ते कामही सोपं नोहोतं, हे मले मंग समजलं. ती दिवसभर तालीम करे. भाकर थापता थापता राग आणून पाहे, कपाशी वेचता वेचता भेव आणून पाहे. बोंडासमोर तोंड वाकडं करणारी बाई पाहून मजूर बाया आधी घाबरल्या, मंग त्याइले सवय झाली. आमाले साऱ्याइलेच सवय झाली. आमचं वाटोळं त्या सवयीनंच केलं.

बारावा पिच्चर चालू होता. त्यात एक माय हाय, तिची एकुलती एक पोरगी शिक्षणासाठी दूर चालली. शेवटची एक जागा तेवढी राह्यली होती. माय वावरात उभी हाय, रस्त्यावरून पोरीची यष्टी जाते, अन् माय यष्टी दिसे तवरी हासते. कलीमनं तिले बजावून सांगतलं होतं का मावशी, रडायचं बिलकूल नाई, अर्धंही नाई. पुरं हासायचं. रडणं पाहणाऱ्याचं काम हाय. आमचंच वावर ठरलं होतं, दिवाळी होऊन गेलती अन् कपाशी पांढरी झाली होती. येत्या गुरुवारी शूटिंग.

सोमवारी सकाळी जयमाला शेषरावाले चहा द्याले गेली. तिचं तोंड डाव्या बाजूनं लोंबलं होतं. तिले स्वताले मालूम नोहोतं, दुखत काहीच नोहोतं. एका कुशीवर झोपल्यानं गाल जड झाला अशीन असं तिले वाटलं. शेषरावानं ओझरतं पाह्यलं अन् नजर खाली घातली, कारण भासऱ्यानं पाहाचं नसते. मले म्हणले, तिची तालीम चालू हाय.

मी आत गेली. ती चहा पिऊन राह्यली होती अन् डाव्या कोपऱ्यातून चहा गळून राह्यला होता. मी हासली. देवा, मी हासली. म्हणलं, ह्या खेपेले कोणाचं सोंग घेतलं वं, लय झकास जमलं. तिले वाटलं मी चहा सांडल्याचीच थट्टा करून राह्यली, म्हणून तीही हासली. एकच बाजू हासली, दुसरी जागची हालली नाई. मले ते अजूनच झकास वाटलं. पोट धरून हासली मी, अन् डबा घेऊन वावरात निघून गेली.

संध्याकाळी केस इंचरताना तिनं आरशात पाह्यलं. तवा तिले कळलं. पण कोणाले सांगतलं का? नाई. गुरुवार जवळ आला होता. गोविंदा म्हणन, बस झाले तुझे पिच्चर. कलीम म्हणन, राहू द्या. आपोआप जाईन म्हणून मंगळवार काढला, बुधवार काढला. पदर पुढं ओढून घरात फिरली. आमच्या घरात पदर ओढलेल्या सुनेले कोण इचारते? रात्री डोळा मिटत नोहोता म्हणून पदराचं टोक डोळ्यावर दाबून झोपली. हे तिनं मले मंग सांगतलं.

गुरुवारी वावरात कलीम म्हणाला, मावशी, पदर मांगं घ्या. ती घेईना. दोनदा म्हणाला, तरी घेईना. माझा स्वभाव तुम्हाले सांगतलाच. म्हणलं नखरे कायचे, अन् म्याच तिच्या डोक्यावरचा पदर ओढला. डावा डोळा लाल, उघडा, पाणी वाहून राह्यलेला. व्हट उजवीकडं ओढेल. ती माझ्याकडं पाहून राह्यली होती अन् अठ्ठावीस वर्सांत पहिल्यांदा मले तिचं तोंड वाचता आलं नाई.

तसंच तिले खामगावले नेलं. गाडीत पुढं शेषराव अन् गोविंदा, मांगं आम्ही दोघी. डॉक्टरनं तिले भिवया वर कराले लावल्या, गाल फुगवाले लावले, शिट्टी मारून पाहा म्हणले. एकही जमलं नाई. मंग इचारलं, कवापासून? गोविंदाले मालूम नाई. मी आजपासून म्हणणार होती, तेवढ्यात जयमाला बोलली. शेषराव समोर बसेल असताना बोलली.

"सोमवारी सकाळपासून. मोठ्या दादाइनं पाह्यलं होतं."

व्हट मिटत नोहोते, शब्द बोबडे निघाले. शेषरावानं तिचा आवाज असा समोरासमोर कधी ऐकला नोहोता, अन् ऐकला तं असा. त्यांची मान खाली गेली. म्हणले, "हाव, सोमवारी. म्या पाह्यलं होतं अन् बोललो नाई."

डॉक्टर म्हणले, डोक्यात काही नाई, भेऊ नका. तोंडाची नस सुजली. बहुतेकाइचं परत येते. पण पहिल्या तीन दिवसांत गोळ्या सुरू झाल्या असत्या तं जास्त फायदा होता, तुम्ही चौथ्या दिवशी आल्या. म्या इचारलं, पुरं येईन का? ते म्हणले, ते आज नाई सांगता येत. दीड महिना पाहू, तीन महिने पाहू.

दीड महिना म्हणाले सोपं हाय. मले रोज सकाळी उठाचंच भेव वाटे. उठलं का तिचं तोंड पाहा लागे. गोळ्या झाल्या, डोळ्याचे थेंब झाले, झोपताना पापणीवर पट्टी चिकटवणं झालं. शेजारची कलाबाई सांगाले आली का कबुतराचं रक्त लावा, लकवा उतरते. म्या तिले दारातूनच वाटेले लावलं, अन् मंग दिवसभर आपलाच जीव खाल्ला का लावून पाह्यलं असतं तं काय बिघडलं असतं. जयमाला आरशासमोर बसून राहे. हासून पाहे, पुन्हा पाहे, पुन्हा पाहे. जेवण सुटलं तिचं. तिसऱ्या हप्त्यात तिनं आरसा आणून माझ्या मांडीवर ठेवला. म्हणाली, "बाई, आता मी नाई पाहत. तुम्हीच सांगत जा. तुम्ही खोटं बोलत नाई."

तवापासून रोज सकाळी चहाच्या आधी ती माझ्यासमोर बसे. भिवई वर, डोळा बंद, गाल फुगव, हास. अन् मी सांगे. पहिले पंधरा दिवस खरंच फरक होता. डोळा मिटाले लागला, चहा गळणं थांबलं, शब्द साफ झाले. मंग एका जागी येऊन थांबलं. हासणं गालाच्या मधापर्यंत जाये अन् तिथंच उभं राहे. आज नाई, उद्या नाई, आठ दिवस नाई. ती इचारे, आज? एके दिवशी म्या म्हणलं, कालच्यापेक्षा थोडं जास्त हाय. तिचा चेहरा असा खुलला, म्हणजे अर्धा खुलला, अन् त्या दिवशी ती दोन भाकरी जेवली. दुसऱ्या दिवशी काय सांगू? अजून थोडं जास्त. एकदा सुरू केलं का उतरता येत नाई, आजच्याले कालच्यापेक्षा जास्तच सांगा लागते.

तिकडं वावरात पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची झाडं, उभी. गावभर लोक पऱ्हाट्या उपटून हरभरा पेरून मोकळे झाले होते. शेषरावानं रस्त्याकडच्या, शूटिंगच्या सहा ओळी ना वेचू देल्ल्या, ना उपटू देल्ल्या. लोक म्हणत, बोंडअळी येईन, बाकीच्याइच्या वावरात जाईन. ते म्हणत, राहू द्या. घरी येऊन मले इचारत, आज कसं हाय? म्या त्याइलेही तेच सांगे. जानेवारी लागला, बोंडं गळाले लागले, कापूस वाऱ्यानं खाली पडाले लागला. कलीम दारात आला अन् उंबऱ्यावरच उभा राह्यला. मोठ्या मुश्किलीनं म्हणाला का मोठ्या मावशी, अकोल्याची एक बाई हाय, तिच्यावर पाठमोरं घेऊन घेतो, लहान्या मावशीले दुख होणार नाई असं सांगा. आतून जयमाला आली. तिनं सारं ऐकलं होतं. कलीमकडं पाह्यलं नाई, माझ्याकडं पाह्यलं.

"बाई, खरं सांगा. पुरं आलं का?"

तुम्ही असत्या तं काय सांगतलं असतं? म्या म्हणलं, "हाव, पुरं आलं."

दुसऱ्याच दिवशी शूटिंग झाली. सहा ओळींत ती उभी राह्यली, पदर मांगं, तोंड उघडं. रस्त्यावरून यष्टी आली. ती हासली. माझ्या जागेवरून मले साफ दिसत होतं का उजवा गाल डोळ्यापर्यंत चढला अन् डावा मधातच राह्यला. कलीमनं कॅमेऱ्यातून मान काढली अन् माझ्याकडं पाह्यलं. जयमाला अजून यष्टीकडंच पाहत होती. म्या त्याले हात जोडले. त्यानं कॅमेरा बंद केला अन् म्हणाला, "झालं, मावशी. मस्त आलं." जयमाला धावत येऊन माझ्या गळ्यात पडली. त्याच दिवशी शेषरावानं पऱ्हाटी उपटली.

पंधरा दिवस मले झोप नोहोती. कलीम ते काढून टाकन का? ठेवन का? ती पाहीन तवा काय होईन? दोनदा फाट्यावर जाऊन त्याच्या दुकानातून परत आली. म्हणलं सांगून टाकावं का पिच्चर जाळून टाक. शेवटी बोलली तं तो म्हणाला, मोठ्या मावशी, एकदा पाहा तं खरं.

सुगराबीच्या घरी टीव्हीवर लावला. आम्ही दोघी जावा, सुगराबी, कलीम. शेवटची जागा आली. माय हासते, यष्टी लहान लहान होत जाते, माय हासतच हाय. सुगराबीनं तोंडावर हात ठेवला अन् ढसाढसा रडली. उठून आली, जयमालाचं तोंड दोन्ही हातांत धरलं, उजव्या गालावरून बोट फिरवून हासू दाखवलं अन् डाव्यावरून फिरवून रडू दाखवलं, अन् कपाळाले कपाळ लावलं. कलीमनं फोन काढला. म्हणाला, मावशी, काल टाकला अन् आज पाहा, इतके लोक आजलोक कधी आले नोहोते. एक जण लिहिते, अर्धं हासू अन् अर्धं रडू एकाच तोंडावर, असं काम पाह्यलं नाई. दुसरा लिहिते, ह्या बाईनं हे शिकलं कुठून? जयमाला ऐकत होती. तिच्या तोंडावर काहीच नोहोतं.

घरी येईलोक मी एकटीच बडबड करत होती, सुगराबीनं शिरखुर्मा किती गोड केला होता, असंतसं. घरात आल्यावर तिनं चप्पल काढली, हातपाय धुतले अन् माझ्यासमोर येऊन बसली, रोज सकाळी बसे तशी.

"बाई, मी तं पुरी हासली होती."

म्या मान खाली घातली. ती रागावली असती तं बरं झालं असतं, भांडण मले जमते. ती रागावली नाई.

"कलीम म्हणला होता, अर्धंही रडायचं नाई. मी नाई रडली. लोकाइले जे आवडलं ते म्या केलंच नाई." मंग म्हणाली, "पुढच्या पिच्चरमधी हासा लागलं तं मले मालूम पाह्यजे का किती येते. नाई तं मी काम कशी करू? आता सांगा. खरं सांगा."

ती हासली. जेवढं हासता येते तेवढं सारं हासली अन् तसंच धरून बसली. म्या तिच्या डाव्या गालावर बोट ठेवलं.

"इथवर," म्या म्हणलं. "ह्याच्या पुढं नाई येत."

तिनं माझ्या बोटावर आपलं बोट ठेवलं, मंग माझा हात हळूच बाजूले केला. आपलं बोट तिथंच ठेवून तोंड मिटलं, अन् पुन्हा पहिल्यापासून हासाले लागली.